पृथ्वीला आधार कोणाचा?

न्यूटन आणि सफरचंद यांची गोष्ट ठाऊक नाही असा विद्यार्थी आपल्या महाविद्यालयात शोधूनही सापडणार नाही. परंतु आमच्या झाडीपट्टीत सफरचंदाचे झाड नाही. येथे पडतो तो मोह. फाल्गुन-चैत्राच्या दिवसांत रात्र सरता सरता मोहाची फुले टपटप गळू लागतात आणि उजाडण्यापूर्वीच बायाबापड्या टोपल्या घेऊन झाडाखाली पोहोचतात. लहानपणी आजीबरोबर मीही मोह वेचायला जात असे. फूल खालीच का पडते, असा प्रश्न त्या वयात मला कधी पडला नाही. फूल खाली पडले नाही तर वेचायचे काय, एवढाच आमचा व्यवहार! मात्र एकदा आजीने सांगितले, की ही सारी पृथ्वी शेषाच्या फण्यावर उभी आहे. मी विचारले, मग शेष कशावर उभा आहे? आजी क्षणभर थांबली आणि तोंड बंद ठेवून मोह वेच म्हणाली.

हाच प्रश्न आठशे-नऊशे वर्षांपूर्वी आपल्या महाराष्ट्रातील एका पंडिताने भर विद्वत्सभेला शोभेल अशा भाषेत विचारला होता, हे मला फार उशिरा कळले. त्या पंडिताचे नाव भास्कराचार्य. आणि त्यांची माझी खरी ओळख झाली ती माझ्याच एका फजितीमुळे. ती आधी सांगते.

एका वक्तृत्व स्पर्धेत मी भास्कराचार्यांवर बोलले होते. न्यूटनच्या पाचशे वर्षे आधी गुरुत्वाकर्षणाचा नियम भास्कराचार्यांनी शोधून काढला आणि पाश्चात्त्यांनी तो आपल्या नावावर खपवला, असे मी आवाज चढवून ठासून सांगितले. टाळ्या भरपूर पडल्या. खाली उतरल्यावर एका प्राध्यापकांनी मला जवळ बोलावले आणि अगदी शांतपणे एकच गोष्ट विचारली. भास्कराचार्यांच्या मते पृथ्वी जड वस्तूंना आपल्याकडे ओढते, हे ठीक. मग चंद्र पृथ्वीवर का पडत नाही, याचे उत्तर त्यांनी काय दिले आहे? माझ्यापाशी उत्तर नव्हते. ज्यांच्या नावावर मी टाळ्या मिळवल्या, त्यांचा ग्रंथ मी उघडूनही पाहिला नव्हता. त्या दिवशी मिळालेले प्रशस्तिपत्र मी अजून भिंतीवर लावलेले नाही. पुढचे वर्षभर मी मराठी भाषांतरे आणि भास्कराचार्यांवरची पुस्तके जमतील तशी वाचली. त्या वाचनातून जे हाती आले, ते माझ्या मित्रमैत्रिणींपुढे आणि गुरुजनांपुढे ठेवीत आहे.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मध्ये, म्हणजे इ. स. १११४ मध्ये झाला. हे साल त्यांनी स्वतःच ग्रंथात नोंदवून ठेवले आहे, हे आपले भाग्य. एरवी आपल्याकडील जुने पंडित स्वतःविषयी बहुधा मौन पाळतात. गोत्र शांडिल्य. वडिलांचे नाव महेश्वर. तेच त्यांचे गुरू. गावाचे नाव त्यांनी विज्जडविड असे दिले असून ते सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेले आहे, असे म्हटले आहे. हे गाव नेमके कोणते, याविषयी विद्वानांत एकमत नाही. तथापि जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावजवळच्या पाटण येथे, जेथे पाटणादेवीचे देवस्थान आहे, डॉ. भाऊ दाजी लाड यांना एक शिलालेख सापडला आणि त्यांनी तो इ. स. १८६५ मध्ये प्रसिद्ध केला. या लेखात भास्कराचार्यांच्या घराण्याची वंशावळच कोरलेली आहे. त्रिविक्रम, भास्करभट्ट, गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, मग आपले भास्कर, त्यांचा पुत्र लक्ष्मीधर आणि नातू चांगदेव. एका घरात नऊ पिढ्या विद्या नांदली! लक्ष्मीधराला यादव राजा जैत्रपालाने आपल्या दरबारी नेले आणि चांगदेव हा सिंघण यादवाचा ज्योतिषी झाला. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून या नातवाने शके ११२८ च्या सुमारास पाटण येथे मठ स्थापन केला. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. बाजारात येणाऱ्या मालावरचा आणि तेलाच्या घाण्यांवरचा काही हिस्सा या मठाला लावून दिल्याची नोंद त्यात आहे. ग्रहगोलांचे गणित शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचा दिवा बाजारातील तेल्याच्या घाण्यावर जळत होता, ही कल्पनाच मला मोठी हृद्य वाटते.

वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, म्हणजे इ. स. ११५० मध्ये, भास्कराचार्यांनी सिद्धान्तशिरोमणी हा ग्रंथ पूर्ण केला. त्याचे चार भाग : लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. पुढे एकोणसत्तराव्या वर्षी, इ. स. ११८३ मध्ये, त्यांनी करणकुतूहल हा पंचांगकर्त्यांच्या सोयीचा ग्रंथ लिहिला. म्हणजे तारुण्यात आणि म्हातारपणीही त्यांची लेखणी थांबली नव्हती. त्यांच्या आयुष्यातील प्रवास, दरबार, मानसन्मान यांविषयी खात्रीने सांगता येईल असे फारसे काही नाही. त्यांचे खरे चरित्र त्यांच्या ग्रंथांतच शोधावे लागते.

आपल्या सर्वांना नावाने परिचित आहे ती लीलावती. या नावामागची कथाही प्रसिद्ध आहे. लीलावती ही भास्कराचार्यांची कन्या. तिच्या विवाहाचा एकच शुभ क्षण होता. तो साधण्यासाठी घटिकापात्र पाण्यात सोडले होते. तळाला बारीक छिद्र असलेले हे पात्र पाणी आत शिरेल तसे जड होते आणि ठरलेल्या वेळी बुडते. लीलावती कुतूहलाने वाकून पाहत असता तिच्या अंगावरील एक मोती निसटून पात्रात पडला आणि छिद्र बुजले. पात्र बुडाले नाही, क्षण टळला. मग वडिलांनी तिचे नाव अमर करण्यासाठी ग्रंथाला तिचे नाव दिले. ही कथा आढळते ती अकबराच्या आज्ञेवरून फैजीने इ. स. १५८७ मध्ये केलेल्या लीलावतीच्या फारसी भाषांतरात. स्वतः भास्कराचार्यांनी असे काहीही लिहिलेले नाही. गणिते घालताना ते कधी बालिकेला, कधी सखीला, तर कधी मित्राला उद्देशून बोलतात. तेव्हा लीलावती ही कन्या होती की ग्रंथाचेच ते लाडके नाव होते, हे निश्चित सांगता येत नाही. एक मुलगी म्हणून मला मात्र येथे थोडी हुरहुर वाटते. साडेआठशे वर्षे जिचे नाव गणिताच्या तोंडी आहे, तिच्या हातचे एक गणित मात्र आपल्यापाशी नाही.

याच लीलावतीत वाऱ्याने मोडलेल्या बांबूचे एक गणित आहे. बांबू बत्तीस हात उंच. मोडून त्याचा शेंडा बुंध्यापासून सोळा हातांवर जमिनीला टेकला. तर तो किती उंचीवर मोडला? उत्तर बारा हात. बांबूच्या रानात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे गणित अगदी घरचे वाटावे! आणि गोलाध्यायातील यंत्राध्यायात नाना यंत्रांचे वर्णन केल्यावर ते सांगतात, की या सर्वांहून श्रेष्ठ यंत्र म्हणजे माणसाची बुद्धी. त्याला त्यांनी धीयंत्र असे नाव दिले आहे. हातात एक साधी काठी असावी आणि उभ्या बांबूचे मूळ व शेंडा त्या काठीने नीट लक्षून पाहता यावा. मग बांबू किती दूर आणि किती उंच हे जागेवरून न हलता सांगता येते. समरूप त्रिकोणांचा हा साधा उपयोग आहे. एका काठीवर एवढा विश्वास टाकणारा माणूस शेषाच्या फण्यावर विश्वास कसा टाकील?

आता मूळ विषयाकडे वळते. पृथ्वी कशावर उभी आहे, या प्रश्नावर त्या काळी अनेक मते प्रचलित होती. कोणी म्हणे शेषावर, कोणी कूर्मावर, कोणी दिग्गजांवर. भास्कराचार्यांचा युक्तिवाद असा : पृथ्वीला आधार लागतो असे मानले, तर त्या आधाराला दुसरा आधार लागेल, त्याला तिसरा, आणि ही परंपरा कधीच संपणार नाही. शेवटी कुठेतरी थांबून, हा शेवटला आधार स्वतःच्याच शक्तीने उभा आहे, असे म्हणावेच लागेल. मग तीच शक्ती पहिल्या पृथ्वीच्याच ठायी का मानू नये? अग्नीच्या ठिकाणी उष्णता, पाण्याच्या ठिकाणी प्रवाहीपणा, दगडाच्या ठिकाणी कठीणपणा जसा स्वाभाविक, तशीच ही पृथ्वीची शक्ती. माझ्या बालबुद्धीच्या प्रश्नाचे हे उत्तर वाचताना मला आजीच्या टोपलीची आठवण झाली.

दुसरे मत बौद्ध पंडितांचे होते. पृथ्वीला आधार नाही हे त्यांना मान्य होते. परंतु जड वस्तू निराधार राहू शकत नाही, म्हणून पृथ्वी अखंड खाली पडत आहे, असे ते म्हणत. यावर भास्कराचार्य उत्तर देतात, की वर फेकलेली जड वस्तू पुन्हा पृथ्वीवर येते हे आपण रोज पाहतो. मग पृथ्वी पडते आहे असे कसे म्हणावे? हा युक्तिवाद मी पुनःपुन्हा तपासून पाहिला. त्या काळी जड वस्तू हलक्या वस्तूपेक्षा वेगाने पडते, अशी समजूत होती. तसे मानले तर एवढी जड पृथ्वी वेगाने खाली जाईल आणि दगड तिला गाठूच शकणार नाही. ही समजूत चुकीची आहे, हे आपल्याला गॅलिलिओने शिकवले. हवेचा अडथळा वगळला, तर हलके व जड सारख्याच गतीने पडतात. मग भास्कराचार्यांचा युक्तिवाद ढासळतो काय? नाही. पृथ्वी आणि दगड दोन्ही सारखेच पडत असतील आणि पृथ्वी दगडाला स्वतःकडे ओढत नसेल, तर वर फेकलेला दगड पृथ्वीपासून दूर दूरच जात राहील, कधीच परत येणार नाही. म्हणजे कोणत्याही बाजूने पाहिले तरी निष्कर्ष तोच राहतो.

मग वस्तू परत का येते? येथे भास्कराचार्य आकृष्टिशक्तीचे नाव घेतात. पृथ्वीच्या ठिकाणी आकर्षणाची शक्ती आहे. आकाशातील जड वस्तूला ती आपल्याकडे ओढते आणि आपल्याला ती वस्तू पडताना दिसते. पण पृथ्वीच्या सभोवार सर्व बाजूंना आकाश सारखेच असल्यामुळे खुद्द पृथ्वीने पडावे तरी कोणत्या दिशेला? या ठिकाणी वर आणि खाली या शब्दांचा अर्थच बदलून जातो. खाली म्हणजे पृथ्वीच्या मध्याकडे. याहून निराळे खाली विश्वात कोठेच नाही.

ही गोष्ट समजावून देण्यासाठी त्यांनी योजलेला दृष्टान्त मला सर्वांत अधिक आवडतो. पृथ्वी गोल असेल, तर पलीकडच्या बाजूची माणसे डोके खाली करून लोंबकळत असतील, अशी शंका कोणीही घेईल. ते सांगतात, की माणूस जेथे उभा असतो तेथे तो स्वतःला पृथ्वीच्या माथ्यावरच समजतो. बरोबर विरुद्ध बाजूची माणसे आपल्या दृष्टीने पाण्याच्या काठावर उभ्या असलेल्या माणसाच्या प्रतिबिंबासारखी, खाली डोके वर पाय अशी असतात. पण आपण येथे जसे निर्धास्त आहोत, तसेच तेही तेथे निर्धास्त असतात. मी एकदा मुद्दाम सकाळी वैनगंगेच्या काठावर उभी राहून हा दृष्टान्त पाहिला. पावसाळा संपून पाणी निवळलेले होते. पाण्यातली मी उलटी उभी होते आणि मुळीच घाबरलेली नव्हते.

पृथ्वी सपाट का दिसते, याचेही उत्तर त्यांनी दिले आहे. कोणत्याही वर्तुळाच्या परिघाचा शंभरावा भाग घेतला तर तो सरळच भासतो. पृथ्वी अफाट आणि माणूस इवलासा. त्याच्या नजरेच्या टप्प्यात जेवढा तुकडा येतो, तेवढा त्याला सपाट वाटणारच. पृथ्वीचा परिघ त्यांनी ४९६७ योजने आणि व्यास सुमारे १५८१ योजने दिला आहे. यांचा भागाकार करून पाहा, ३.१४१६ येतो. हा आकडा आपण दहावीपर्यंत किती वेळा गिरवला आहे!

गतीविषयीही त्यांनी सूक्ष्म विचार केला. चंद्र रोज सारख्याच वेगाने चालत नाही. आजच्या आणि उद्याच्या स्थानांतील अंतर काढले तर मिळते ती दिवसभराची स्थूल गती. पण ग्रहणासारख्या प्रसंगी एखाद्या विशिष्ट क्षणी चंद्र किती वेगाने जात आहे, हेच हवे असते. तिला त्यांनी तात्कालिक गती म्हटले. आपल्या वडशाच्या स्थानकावरून सुटणाऱ्या गाडीचेच उदाहरण घ्या. गोंदियाला पोहोचायला लागलेल्या वेळाने अंतर भागले, तर सरासरी वेग मिळतो. पण गाडी फलाट सोडताना रांगत असते, पुढे धावते आणि स्थानक आले की पुन्हा मंदावते. प्रत्येक क्षणाचा वेग निराळा. शिवाय ग्रहाच्या मध्यम आणि स्पष्ट स्थानांतील फरक जेथे सर्वांत मोठा होतो, तेथे त्या फरकाची वाढ शून्य असते, हेही त्यांनी ओळखले होते. वर फेकलेला चेंडू सर्वांत उंच जागी क्षणभर थबकतो, तसाच हा प्रकार. यातून पुढे जे गणित उभे राहिले, त्याला आपण कलनशास्त्र म्हणतो. भास्कराचार्यांनी ते शास्त्र उभारले नाही. पण त्याच्या उंबरठ्यावर त्यांचे पाऊल पडले होते, एवढे म्हणण्यास हरकत नाही.

येथवर वाचून माझी छाती पुन्हा फुगू लागली होती. तेवढ्यात यंत्राध्यायातील स्वयंवह चक्र समोर आले. हलक्या लाकडाचे एक चाक करावे. त्याला सारख्या अंतरावर पोकळ आरे बसवावेत, सगळे एकाच बाजूला कललेले. प्रत्येक आरा पाऱ्याने अर्धा भरून तोंड बंद करावे आणि चाक आसावर ठेवावे. ते आपोआप फिरत राहील, असे भास्कराचार्य सांगतात. अशी कल्पना ब्रह्मगुप्ताच्या ग्रंथातही त्यांच्या आधी आली होती. एका बाजूला पारा काठाकडे सरकतो, दुसऱ्या बाजूला मध्याकडे; त्यामुळे एक बाजू नेहमी भारी राहील, असा हिशेब.

हे चाक चालत नाही. का चालत नाही, हे समजावून घेताना मला भौतिकशास्त्राची गोडी लागली. पारा काठाकडे सरकलेला असतो त्या बाजूला त्याचा जोर जास्त खरा, पण दुसऱ्या बाजूला एका वेळी अधिक पारा असतो आणि दोहोंचा तोल बसतो. पारा खाली येताना जेवढी शक्ती मिळते, तेवढीच त्याला पुन्हा वर न्यायला खर्चावी लागते. वर शिल्लक काहीच उरत नाही. आणि आसाचे घर्षण तर दर फेऱ्यात आपला वाटा घेतेच. बंडीच्या आसाला वंगण घातले नाही तर ती कुरकुरते आणि बैल थकतात. वंगण घातल्यावर घर्षण कमी होते, पण नाहीसे होत नाही. तेव्हा हाताने गती दिलेले चाक काही वेळ फिरते, मग मंदावते आणि थांबते. कोणी पाऱ्याचे चाक करून चार घटका त्याच्याजवळ बसले असते, तर हे डोळ्यांनी दिसले असते. धीयंत्राचा महिमा गाणाऱ्या ग्रंथातच हे चाक असावे, ही गोष्ट मला प्रथम खटकली. नंतर वाटले, यात लाजण्यासारखे काही नाही. हेच न थांबणारे चाक पुढे अरबी ग्रंथांत आणि तेराव्या शतकात युरोपातही दिसते. ते भारतातून तिकडे गेले असावे, असे काही इतिहासकारांचे मत आहे. एवढ्या हुशार लोकांना कित्येक शतके भुलवणारी चूक ही सामान्य चूक नव्हे.

आता त्या प्राध्यापकांच्या प्रश्नाचे उत्तर. चंद्र का पडत नाही? भास्कराचार्यांच्या मते पृथ्वी स्थिर आहे. तिच्याभोवती बारा योजनांपर्यंत भूवायू आहे. ढग, विजा त्यातच होतात. त्यापलीकडे प्रवह नावाचा वायू अखंड पश्चिमेकडे वाहतो आणि तो नक्षत्रांसह ग्रहांना फिरवतो. म्हणजे चंद्र चालतो तो वाऱ्याने. पृथ्वीच्या आकर्षणाशी त्याच्या चालण्याचा संबंध जोडलेला नाही. फिरत्या वस्तूला सतत कोणीतरी ढकलत राहिले पाहिजे, ही समजूत त्या वेळी पूर्वेकडे होती तशी पश्चिमेकडेही होती. ती चुकीची आहे, हे आपल्याकडचा शंकरपट पाहणाऱ्याला चटकन पटेल. जोडी सुसाट धावत असताना बैल अचानक थबकले, तर छकड्यावरचा माणूस पुढे फेकला जातो. त्याला कोणी ढकललेले नसते. त्याच्या अंगात असलेली गतीच त्याला पुढे नेते. बंडी थांबते ती घर्षणामुळे. घर्षण नसेल तर चालती वस्तू चालतच राहील. गॅलिलिओने ही दिशा दाखवली आणि न्यूटनने इ. स. १६८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात तिचा नियम केला.

मग चंद्राला वाऱ्याची गरजच उरली नाही. तो आपल्या गतीने सरळ निघून गेला असता. पृथ्वी त्याला ओढून क्षणोक्षणी वळवते. म्हणजे चंद्र पडतच असतो, पण पडता पडता पुढेही सरकतो, म्हणून पृथ्वीवर आदळत नाही. झाडावरून सुटलेली जड वस्तू पहिल्या सेकंदात सुमारे ४.९ मीटर खाली येते. चंद्र पृथ्वीच्या मध्यापासून पृथ्वीच्या त्रिज्येच्या सुमारे साठपट दूर आहे. अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात आकर्षण कमी होत असेल, तर साठाचा वर्ग ३६००, ४.९ मीटरला त्याने भागले की एक मिलिमीटरहून थोडे अधिक येते. चंद्र आपल्या सरळ मार्गापासून दर सेकंदाला तेवढाच पृथ्वीकडे वळतो! मोहाचे फूल आणि चंद्र यांना एकाच नियमात बांधणारा हा हिशेब भास्कराचार्यांनी केलेला नाही. तो न्यूटनचा आहे आणि त्याचे श्रेय त्यालाच दिले पाहिजे.

म्हणून मी माझे त्या दिवशीचे भाषण आज मागे घेते. परंतु त्यामुळे भास्कराचार्य माझ्या मनात लहान झाले नाहीत. पृथ्वी निराधार आहे, ती जड वस्तूंना ओढते, वर-खाली हे आपल्या उभे राहण्यावर ठरते, या गोष्टी बाराव्या शतकात तर्काने मांडणे आणि पुराणांतील आधारांची परंपरा सौम्य पण निःसंदिग्ध शब्दांत बाजूला सारणे, याला मोठे धैर्य लागते. त्यांच्या पदरी खोटे माप घातले, तर हे खरे माप कोणाला दिसणारच नाही.

त्यांच्यानंतर काय झाले? ग्रंथ टिकले. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी इ. स. १५४५ मध्ये लीलावतीवर बुद्धिविलासिनी टीका लिहिली. गतीच्या आणि वक्रांच्या गणितात केरळातील पंडितांनी मोठी मजल मारली. पाटणचा मठ मात्र उरला नाही. एकोणिसाव्या शतकात पुण्यात जन्मलेले बापूदेव शास्त्री नागपुरात ढुंढिराज मिश्र यांच्याजवळ लीलावती आणि बीजगणित शिकले, पुढे काशीच्या संस्कृत पाठशाळेत अध्यापक झाले. लान्सलॉट विल्किन्सन यांनी केलेले गोलाध्यायाचे इंग्रजी भाषांतर त्यांनी तपासल्यावर इ. स. १८६१ मध्ये प्रसिद्ध झाले. तात्कालिक गतीचे महत्त्व जगापुढे आणले तेही त्यांनीच. आपल्या नागपुरात गिरवलेला धडा असा दूरवर पोहोचला, ही गोष्ट आपण विदर्भातील विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

इ. स. १९७९ आणि १९८१ मध्ये भारताने भास्कर नावाचे दोन उपग्रह आकाशात सोडले. दोन्ही भास्कराचार्यांचे, सातव्या शतकातील पहिल्या आणि बाराव्या शतकातील या दुसऱ्या, स्मरण म्हणून हे नाव ठेवले होते. आपली जंगले, पाणी आणि समुद्र वरून न्याहाळणे हे त्यांचे काम. कोणत्याही प्रवह वायूशिवाय, केवळ आपल्या गतीने आणि पृथ्वीच्या ओढीने, ते पृथ्वीभोवती पडत पडत फिरत राहिले. त्या उंचीवर हवा अतिशय विरळ असते. पण तिचेही घर्षण हळूहळू गती खाते. काही वर्षांनी ते दोन्ही उपग्रह खाली आले. आपोआप अखंड फिरणारे चाक नाही, हा धडा भास्करांच्या नावाच्या उपग्रहांनीही पुन्हा एकदा गिरवला!

यंदा चैत्रात मी आजीबरोबर पुन्हा मोह वेचायला गेले. पृथ्वी कोणाच्याही डोक्यावर उभी नाही, ती आपल्याच शक्तीने आहे आणि फुलाला तीच खाली ओढते, असे मी तिला सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले. मग शेषाला आता विसावा मिळाला म्हणायचा, असे ती म्हणाली आणि उजाडायच्या आत टोपली भरायला सांगून पुढच्या झाडाकडे वळली.